आईचं ‘डी’ नऊ आलं तेव्हा

पत्राचा गोषवारा : पुण्यात राहणाऱ्या ४१ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. त्यांच्या आई ६२ वर्षांच्या. वडील गेल्यावर, सहा वर्षांपूर्वी, त्यांनी आईंना वाई तालुक्यातल्या गावाहून पुण्यात पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. मागच्या वर्षी आंघोळ करताना आईंच्या हाताला डाव्या स्तनात गाठ लागली. लेकीला सांगितल्यावर दोन दिवसांत मॅमोग्राफी झाली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. गाठ हार्मोनवर वाढणारी होती, त्यामुळे आता रोज लेट्रोझोलची गोळी चालू आहे. ऑपरेशननंतरच्या तपासण्यांमध्ये व्हिटॅमिन डी ९ आलं. डॉक्टरांनी साठ हजार युनिट डीची पावडर आठवड्याला एक पाकीट अशी आठ आठवडे दिली, जोडीला रोज कॅल्शियमची गोळी. आठ आठवडे संपले आणि त्याच सुमारास ‘डी ऐंशीच्या वर ठेवलं तर कॅन्सर परत येत नाही’ असं सांगणारा व्हिडिओ घरात आला. मोठ्या भावानं तीच पावडर रोज द्यायला सुरुवात केली. त्याला वीस दिवस झाले. आईंची बोटं सकाळी आखडतात, तेव्हा लेट्रोझोल बंद करून ‘मुळावरच इलाज’ करावा, असं आता घरात चाललंय. पत्रात जाता जाता एक ओळ आहे : ‘आठवडाभर तिला मळमळतंय, पोट साफ होत नाही, सारखं पाणी मागते. गोळीचंच असेल.’ वाचक भगिनींनी स्वतःचं डी तपासलं, ते १३ आलं. त्या विचारतात : ‘गावी ती दिवसभर अंगणात असायची. मीच तिला उन्हातून उचलून सावलीत आणलं. माझ्यामुळे झालं का हे? आणि आता माझा नि माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीचा नंबर आहे का?’

प्रिय मैत्रीण,

तुमच्या मनावर सगळ्यात मोठं ओझं कशाचं आहे ते कळतंय. त्याकडे येते. पण आधी ती जाता जाता लिहिलेली ओळ. मळमळ, बद्धकोष्ठ आणि सारखी तहान. रोज साठ हजार युनिट डी पोटात जात असताना ही तीन लक्षणं एकत्र आली, की रक्तातलं कॅल्शियम वाढलं असेल ही शंका पहिली घ्यायची. म्हणूनच पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला कळवलं, की पावडर आणि कॅल्शियमची गोळी आत्ता थांबवा, लेट्रोझोल मात्र थांबवू नका, आणि उद्या सकाळी कॅल्शियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि डी तपासून रिपोर्ट तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. कॅल्शियम ११.४ आलं. ते साधारण १०.५च्या आत असायला हवं. क्रिएटिनिन ठीक होतं, म्हणजे मूत्रपिंडांना धक्का लागलेला नाही, हे फार बरं झालं.

इतर वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगते, कारण हा प्रकार तुमच्या एकट्या घरातला नाही. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये ‘आठवड्याला एक’ची ‘रोज एक’ झालेली मी अनेकदा पाहिली आहे. कधी चिठ्ठी नीट वाचली जात नाही, कधी केमिस्टच्या गर्दीत घाईघाईत सांगितलं जातं, आणि कधी, तुमच्या दादांसारखं, प्रेमापोटी. एका आजोबांना तर मुलगा ‘हल्ली बाबा गोंधळल्यासारखे बोलतात’ म्हणून घेऊन आला होता. कॅल्शियम १४च्या पुढे होतं. पिशवीतून औषधं काढून टेबलावर मांडली, तर त्यात पावडरीची चाळीसेक रिकामी पाकिटं निघाली. सुनेनं नीट रबर लावून ठेवली होती.

आईंचा हिशोब मांडून बघा. वीस दिवसांत बारा लाख युनिट. निरोगी माणसाची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२०च्या शिफारशीनुसार ६०० युनिट आहे. म्हणजे साडेपाच वर्षांची गरज तीन आठवड्यांत पोटात गेली, आणि तीही आधीच्या आठ पाकिटांनंतर. कमतरता भरून काढायला मोठा डोस द्यावा लागतो हे खरं, आणि डॉक्टरांनी दिलेला आठ आठवड्यांचा कोर्स अगदी योग्य होता. पण डी हे बी-कॉम्प्लेक्ससारखं नाही, की जास्त झालं तर लघवीवाटे निघून जाईल. ते चरबीत साठतं आणि पावडर थांबवल्यावरही कित्येक आठवडे रक्तात उतरत राहतं. त्यामुळे कॅल्शियम एकदा ठीक आलं म्हणून तपासणं सोडू नका. भरपूर पाणी चालू ठेवा. आई गुंगीत वाटल्या, असंबद्ध बोलू लागल्या किंवा उलट्यांनी पाणीही टिकेना, तर रिपोर्टची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती दादांनाही समजावून सांगा. ज्या बाईला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय तिचं कॅल्शियम वाढलं, की डॉक्टरांना कॅन्सर हाडांत गेलाय का हेही बघावंच लागतं. मागचा आठवडा तुम्ही ज्या धास्तीत काढलात, बोन स्कॅन करावा लागेल का, काय निघेल, ती धास्ती या पावडरीनं घरात आणली. ज्या भीतीवर उतारा म्हणून ती दिली, तीच भीती.

आता ओझ्याकडे येऊ.

तुम्ही लिहिता, ‘मीच तिला उन्हातून सावलीत आणलं.’ वाक्य वाचून मी थोडा वेळ थांबले. या वाक्यात तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत : गावी आईंचं डी चांगलं होतं, पुण्यात ते घसरलं, आणि त्या घसरणीमुळे गाठ झाली. तिन्हींपैकी एकीलाही आपल्याकडे पुरावा नाही.

गावी त्यांचं डी कुणी तपासलं होतं? आपल्याकडे उन्हातान्हात राबणाऱ्या, खेड्यातल्या बायकांमध्येही डी कमी सापडतं. ऐकायला नवल वाटतं, पण गावातल्या बाईचा दिवस आठवून बघा. सडा-सारवण, धुणीभांडी, सगळं सकाळी सात-आठच्या कोवळ्या उन्हात. ऊन चढलं की स्वयंपाकघर, दुपारी ओटीवर सावलीत निवडणं-टिपणं. डोक्यावर पदर, अंगभर लुगडं. त्वचेत डी तयार करणारे अतिनील ‘ब’ किरण कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतातच. सूर्य तिरपा असताना ते वातावरणातच अडकतात. त्यामुळे अंगणातलं आयुष्य आणि भरपूर डी हे समीकरण आपण समजतो तितकं सरळ नाही.

दुसरं, ते ९ ऑपरेशननंतरच्या रक्तातलं आहे. मोठं ऑपरेशन, सूज, आजारपण यांनी डीची पातळी तेवढ्यापुरती खाली जाते. आईंचं डी मुळातही कमीच असणार, भरून काढायला हवंच होतं. पण ‘कॅन्सरच्या आधी ते किती होतं’ याचं उत्तर त्या आकड्यात नाही.

आणि तिसरं. हाताला लागण्याइतकी गाठ मोठी व्हायला बहुधा काही वर्षं जातात. कुठल्या पेशीत कधी पहिला बिघाड झाला, ते तुम्ही काय, जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही. तुमच्या इमारतीतल्या सगळ्या बायकांचं डी तपासलं, तर निम्म्याहून जास्त जणींचं कमी निघेल. स्तनाचा कॅन्सर आपल्या देशात वर्षाला लाख बायकांमागे पंचवीस-तीस जणींना होतो. कमी डी इतकं सर्रास आहे, की जवळपास कुठल्याही आजाराच्या माणसात ते सापडतं. गुडघेदुखीच्या बाईत सापडतं, मधुमेहाच्या पुरुषात सापडतं, अगदी धडधाकट कॉलेजकुमारीतही सापडतं. घटनास्थळी जो उभा होता तोच गुन्हेगार, असं आपण इतर वेळी म्हणत नाही.

उलट तुम्ही केलेली एक गोष्ट खरोखर मोजण्यासारखी आहे. आईंनी गाठ सांगितली आणि दोन दिवसांत मॅमोग्राफी झाली. गावाकडच्या कितीतरी बायका ‘दुखत तर नाही’ म्हणून सहा-सहा महिने गाठ पदराआड लपवतात, मुलीला सांगत नाहीत, सुनेला तर नाहीच. मग येतात तेव्हा गाठ काखेत पसरलेली असते. तुमच्या आई तुमच्याजवळ होत्या, संकोच न करता बोलल्या, आणि तुम्ही ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणाला नाहीत. त्या दोन दिवसांचं मोल डीच्या कुठल्याही आकड्याहून जास्त आहे.

आता त्या व्हिडिओतल्या दाव्याचं. डी आणि स्तनाचा कॅन्सर यांचा संबंध जोडणारे सगळेच भोंदू नव्हते, हे आधी सांगायला हवं. १९८०मध्ये अमेरिकेत सेड्रिक आणि फ्रँक गार्लंड या भावांनी, कमी उन्हाच्या प्रदेशांत आतड्याच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जास्त आहेत, त्यामागे डीची कमतरता असावी, असं मांडलं. १९९०मध्ये स्तनाच्या कॅन्सरबद्दलही तसाच निष्कर्ष आला. पुढे प्रयोगशाळेत दिसलं, की स्तनाच्या पेशींमध्ये डीचा संदेश घेणारी यंत्रणा आहे आणि काचेच्या बशीतल्या कॅन्सरपेशींवर सक्रिय डी टाकलं तर त्यांची वाढ मंदावते. २००८मध्ये टोरांटोच्या डॉ. पामेला गुडविन यांनी ५१२ रुग्णांचा अभ्यास मांडला. ज्यांचं डी निदानाच्या वेळी कमी होतं, त्यांच्यात कॅन्सर पसरण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. ती बातमी वाचून आम्ही डॉक्टरही हरखलो होतो. स्वस्त, सोपं, सगळीकडे मिळणारं काहीतरी हाती लागल्यासारखं वाटलं होतं. मीसुद्धा तेव्हा पेशंटना उत्साहानं सांगितलं आहे.

पण ‘कमी डी असलेल्यांचं वाईट झालं’ आणि ‘डी दिल्यानं बरं होतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डी चांगलं असलेली बाई कोण असते? जी बाहेर पडते, चालते, जिचं वजन आटोक्यात आहे, जी तब्येतीकडे लक्ष देते. वजन जास्त असलं की डी चरबीत मुरतं आणि रक्तातला आकडा खाली येतो, आणि पाळी गेल्यानंतरचं वाढलेलं वजन हे स्वतःच स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवतं. आजारी बाई घरात पडून असते, नीट जेवत नाही, म्हणूनही डी उतरतं. म्हणजे कमी डी हे कारण नसून सोबत आलेली खूण असू शकते. याचा निकाल लावायचा एकच मार्ग होता. हजारो माणसांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडायचे, एकाला डी द्यायचं, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि वर्षानुवर्षं थांबायचं.

ते करून झालंय. अमेरिकेत पाळी गेलेल्या ३६,२८२ स्त्रियांच्या अभ्यासात एका गटाला रोज ४०० युनिट डी आणि कॅल्शियम दिलं. सुमारे सात वर्षांनी त्या गटात ५२८ जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, पोकळ गोळीच्या गटात ५४६ जणींना. म्हणजे फरक नाहीच. काहीजण म्हणाले, डोस फार कमी होता. मग बॉस्टनच्या डॉ. जोॲन मॅन्सन यांच्या नेतृत्वाखाली ‘व्हायटल’ चाचणी झाली. त्यात २५,८७१ स्त्री-पुरुष होते, डोस रोज २००० युनिट, काळ पाच वर्षांहून थोडा जास्त. २०१८च्या शेवटी निकाल आला आणि स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं. ऑस्ट्रेलियात तर तुमच्या घरातला हाच आकडा तपासला गेला. साठीच्या पुढच्या २१,३१५ लोकांवर पाच वर्षं महिन्याला एकदा ६०,००० युनिट, किंवा पोकळ गोळी. डी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले नाहीत. जन्मतःच डीची पातळी थोडी वर किंवा खाली ठेवणारी जनुकं असलेल्या स्त्रियांची तुलनाही झाली. तिथेही स्तनाच्या कॅन्सरमध्ये फरक सापडला नाही.

एक आशेचा धागा आहे, तोही सांगते. अशा सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तर कॅन्सर होण्याचं प्रमाण बदलत नाही, पण सगळ्या प्रकारच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू डी घेणाऱ्यांत थोडे कमी दिसतात. हा फायदा दिसतो तो रोज थोडं थोडं डी घेणाऱ्यांत. मोठे डोस एकदम घेणाऱ्यांत तो दिसत नाही. त्यामुळे आईंनी पुढे रोजचा छोटा डोस घ्यावा याला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण गाठ होऊन गेलेल्या बाईचं डी ऐंशीवर नेलं की ती परत येत नाही, असं दाखवणारी एकही मोठी चाचणी नाही.

आणि ऐंशी म्हणजे कुठले ऐंशी? हा प्रश्न दादांना विचारा. आपल्याकडच्या लॅब डी नॅनोग्रॅममध्ये देतात, परदेशात बऱ्याच ठिकाणी नॅनोमोलमध्ये. नॅनोग्रॅमला अडीचनं गुणलं की नॅनोमोल. म्हणजे तिकडचे ऐंशी हे आपल्या रिपोर्टवरचे ३२. आकडा एका देशातून दुसऱ्या देशात येताना मागचं एकक गळून पडलं, तर साधा सल्लाही विषासारखा होऊ शकतो. आपल्या एककात २० ते ४० या पट्ट्यात आई राहिल्या तर हाडांसाठी ते पुरेसं आहे. कुणी डॉक्टर २०ला समाधान मानतात, कुणी ३० म्हणतात, त्यावरून जीव टांगणीला लावायची गरज नाही.

हाडांसाठी, हा शब्द मी मुद्दाम वापरला. आईंना डी हवंच आहे, आणि त्याचं खरं कारण लेट्रोझोल आहे. पाळी गेल्यावरही शरीरात थोडं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, तयार होत असतं. लेट्रोझोल ते बंद करतं. उरल्यासुरल्या कॅन्सरपेशींचं खाणं तुटतं, पण हाडांचा आधारही कमी होतो आणि हाडं विरळ होत जातात. म्हणून या गोळीसोबत डी आणि कॅल्शियम देतात, आणि सुरुवातीला एकदा हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून मग वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करतात. आईंचा डेक्सा झालाय का, तुमच्या पत्रात उल्लेख नाही. झाला नसेल तर विचारा. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाइन देणार असतील तर त्याआधी डी आणि कॅल्शियम जागेवर हवं, दातांची तपासणीही आधीच उरकलेली बरी.

म्हणजे बघा, डी आणि लेट्रोझोल एकमेकांच्या जागी घ्यायच्या गोष्टीच नाहीत. एक हाडं सांभाळतं म्हणून दुसरं घेता येतं. ‘मुळावर इलाज’ हे शब्द कुणाला लावायचे असतील तर ते लेट्रोझोलला लावा. हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन हे हार्मोनला अडवणारं जुनं औषध घेतल्यानं पुढच्या पंधरा वर्षांतले त्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी होतात, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये लेट्रोझोलच्या जातीची औषधं त्याहूनही थोडी सरस ठरली आहेत. हजारो बायकांच्या चाचण्यांमधून आलेलं हे ज्ञान आहे. आज आईंच्या हातात कॅन्सर परत येऊ न देणारी जी सगळ्यात मोठी गोष्ट आहे, ती ही रोजची छोटी गोळी.

पण बोटं आखडतात त्याचं काय? ते दुखणं खरं आहे. ‘वयानं होतं’ म्हणून ते झटकू नका. या औषधांवर असलेल्या जवळपास निम्म्या बायकांना सांधेदुखी होते. सकाळी चहाचा कप धरवत नाही, डब्याचं झाकण फिरवता येत नाही, जमिनीवरून उठताना गुडघे धरतात. कितीतरी जणी डॉक्टरांना न सांगता गोळी गुपचूप सोडून देतात, आणि डॉक्टर समजतात की चालू आहे. आईंनी तसं करण्याआधी हे दुखणं डॉक्टरांपुढे मांडा, कारण त्यावर बरंच काही करता येतं. नियमित चालणं आणि थोडा ताकदीचा व्यायाम यांनी या दुखण्यात फरक पडतो, हे चाचणीत दिसलं आहे. पहिले पंधरा दिवस कुरकुर होईल, तेवढा धीर धरायला हवा. सकाळी गरम पाण्यात हात बुडवून मुठी उघड-मिट केल्या तरी बोटं सुटतात. त्यानं भागलं नाही तर डॉक्टर त्याच जातीचं दुसरं औषध, ॲनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन, देऊन बघतात. एकाचा त्रास झाला म्हणून दुसऱ्याचा होईलच असं नसतं. कधी दोन-तीन आठवड्यांची सुट्टी देऊन मग औषध बदलतात, कधी टॅमॉक्सिफेनकडे वळतात. वेदनेसाठी ड्युलॉक्सेटीनसारखं औषधही काही जणींना लागू पडतं. एवढ्या वाटा शिल्लक असताना गोळी बंद करणं ही पहिली पायरी कशी होईल?

उन्हाबद्दल तुम्ही खूप हळवेपणानं लिहिलंय, तेव्हा तेही नीट सांगते. आईंना ऊन द्यायचं तर सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या मधलं. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. आपल्या सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. हात, पोटऱ्या उघड्या ठेवून वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. उन्हाळ्यात कमी वेळ, सोसवेल तेवढंच. बाल्कनीला स्लाइडिंगच्या काचा असतील तर त्या उघडाव्या लागतील, काचेतून ऊब येते पण डी तयार करणारे किरण येत नाहीत. बहुतेक सोसायट्यांमध्ये गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते, ती मागून घ्या, सावलीकडे पाठ करून खुर्ची टाका. रेडिएशन दिलेल्या भागावर मात्र ऊन पडू देऊ नका, ती त्वचा पुढे कित्येक महिने नाजूक राहते. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही भाजणार नाही असं बघा. आणि हे सगळं आत्ता नको. कॅल्शियम खाली येऊन डॉक्टरांनी ‘हो’ म्हटल्यावर.

खाण्यातून डी फारसं मिळत नाही. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली चांगल्या, अंड्याच्या पिवळ्या बलकात थोडं असतं, आणि काही दुधाच्या पिशव्यांवर ‘प्लस एफ’ची खूण असते, त्यात डी मिसळलेलं असतं. आई शाकाहारी असतील तर रोजच्या गोळीवरच भिस्त ठेवावी लागेल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

तुमचं १३. हा आकडा तुमच्या पुढ्यात भविष्यवाणीसारखा ठेवू नका. ही साधी कमतरता आहे. फॅमिली डॉक्टरांच्या सल्ल्यानं कोर्स घ्या, मग छोटा रोजचा डोस, विषय संपला. दर तीन महिन्यांनी तपासत बसू नका. निरोगी माणसांनी उगाच डीची तपासणी करू नये, अशीच अंतःस्रावतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेची २०२४ची शिफारस आहे. लेकीची तर तपासणी नकोच. पंधरा वर्षांची मुलगी आहे, तिला क्लासच्या दोन बॅचच्या मधे मैदानावर जाऊ द्या.

तुमच्या जोखमीचा खरा हिशोब वेगळा आहे. आईला कॅन्सर झाला की मुलीचा धोका इतर बायकांच्या साधारण दुप्पट धरतात, आणि आईला पाळी गेल्यानंतर झाला असेल तर त्याहून कमी. दुप्पट हा शब्द घाबरवतो, पण मुळातला आकडा लहान आहे. घरात मावशी, आत्या, आजी यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर होता का, कुणाला पन्नाशीच्या आत झाला का, एखाद्या पुरुषाला झाला का, हे कागदावर लिहून काढा. आत्यांना विसरू नका, दोषी जनुक वडिलांकडूनही येतं. ती यादी आईंच्या डॉक्टरांना दाखवून जनुक तपासणीची गरज आहे का ते विचारा. बहुधा नसेल. चाळिशी ओलांडली आहे, तेव्हा पहिली मॅमोग्राफी आता करून घ्या आणि पुढची किती अंतरानं ते ठरवून घ्या.

मॅमोग्राफी परवडत नाही किंवा गावात मिळत नाही, अशा वाचकांसाठी मुंबईचंच एक मोठं काम सांगण्यासारखं आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासत होत्या, एवढंच. २०२१मध्ये निकाल आला : गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. प्रत्येक लहान आरोग्य केंद्रात होऊ शकेल अशी ही तपासणी आहे. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर ती दर पाच वर्षांनी करायची असते. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तिथल्या बायकांना आशाताईंकडे ती मागायला सांगा.

राहिले दादा. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल राग आहे, तो समजतो. पण मुलाच्या हातात आईच्या आजारात फार थोडं असतं, आणि एक पाकीट रोज फोडून पाण्यात ढवळून देणं, यात काहीतरी केल्याचं समाधान असतं. ११.४चा रिपोर्ट त्यांच्यापुढे आपटू नका. पुढच्या तपासणीला त्यांनाच आईंसोबत पाठवा, तुम्ही नका जाऊ. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांच्या हातात लिहून द्या : कॅल्शियम किती झालं, डी पुन्हा कधी सुरू करायचं आणि किती, डेक्सा कधी, बोटांसाठी काय. ऐंशीचा प्रश्नही त्यांनीच विचारू दे. उत्तर डॉक्टरांच्या तोंडून, समोरासमोर ऐकलं की व्हिडिओचा जोर आपोआप ओसरतो. औषधांचा डबा त्यांच्याकडेच सोपवा. डी पुन्हा सुरू होईल तेव्हा पाकीट आठवड्याचं असो की महिन्याचं, आणल्या दिवशीच त्यावर जाड पेनानं तारीख घालायला सांगा, आणि त्या तारखेखेरीज ते फोडायचं नाही.

आईंचं कॅल्शियम पुढच्या आठवड्यात पुन्हा होणार आहे ना? आकडा आला की कळवा. आणि पुढे डॉक्टरांनी ‘हो’ म्हटल्यावर गच्चीवर त्यांना बरं वाटलं का, तेही.